पदवीआधी लिहिण्याची परीक्षा कुठे असते?

मार्च-एप्रिल आला की पारोळ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत एक ठरावीक गर्दी दिसते. हातात पेनड्राइव्ह नाहीतर मोबाइल, आणि तोंडात एकच शब्द: सबमिशन. कुणाला स्पायरल बायंडिंग हवे असते, कुणाला पहिल्या पानावर विद्यापीठाचे रंगीत बोधचिन्ह. या तालुक्यातल्या मुलांचे लिखाण मी बरीच वर्षे तपासत आलो आहे, त्यामुळे त्या गर्दीत ओळखीचे चेहरे भेटतातच. एकदा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला तिथेच गाठले.

"सर, हा प्रोजेक्ट पास नाही झाला तर डिग्री अडकते का?"

"अडकते."

"मग हे लिहायचं कसं, ते कोणत्या पेपरला होतं?"

तिच्या प्रश्नाला दुकानाच्या पायरीवर उभे राहून नीट उत्तर देता आले नाही. ते इथे देतो. पदवी मिळण्याआधी विद्यार्थ्याला लिहिता येते की नाही हे आपल्याकडे कोण, कुठे आणि कसे तपासते. त्यातला कोणता टप्पा जड जातो. आणि तो पार करायचा कसा.

काही देशांत यासाठी वेगळी अटच असते. अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही अनेक शहरांत पसरलेली मोठी सरकारी विद्यापीठव्यवस्था आहे. डिसेंबर १९७५ मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकाने अमेरिकेतल्या शिकलेल्या मुलांना धड लिहिता का येत नाही, यावर मुखपृष्ठकथा केली आणि देशभर चर्चा पेटली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, या विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ठरवले की विषय कोणताही असो, लेखनाची पात्रता सिद्ध केल्याशिवाय पदवी द्यायची नाही. ती कशी सिद्ध करायची, हे प्रत्येक आवारावर सोपवले. कुठे ठरलेल्या वेळात निबंध लिहायचा, कुठे वरच्या वर्गात लेखनाचा एक पूर्ण अभ्यासक्रम घ्यायचा. पुढे वाद झाला तो निबंधाच्या परीक्षेवर. ज्याच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत अशा मुलाची पात्रता दीड-दोन तासांच्या एका निबंधावरून ठरवणे न्यायाचे आहे का, हा प्रश्न अनेक प्राध्यापकांनी लावून धरला. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

पारोळ्याची महाविद्यालयीन मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात ते म्हणजे जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. १५ ऑगस्ट १९९० रोजी ते स्थापन झाले. त्याआधी इथल्या मुलांच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या असत. या विद्यापीठात, आणि महाराष्ट्रातल्या इतर सरकारी विद्यापीठांतही, 'लेखनपात्रता परीक्षा' अशा नावाची एकच एक परीक्षा नाही. म्हणून बऱ्याच जणांना वाटते की लिखाण तपासलेच जात नाही. प्रत्यक्षात ते तीन वर्षांत इतक्या ठिकाणी विखरून ठेवलेले आहे की त्याचा अंदाज येत नाही.

हे समजायला आधी श्रेयांकांचा हिशेब बघावा लागेल. मुले त्याला क्रेडिट म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बेतलेली रचना महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. वर्गातल्या शिकवण्याला १५ तासांचा एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला किंवा बाहेरच्या कामाला साधारण ३० तासांचा एक. सत्राला २० ते २२ श्रेयांक, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. चौथे वर्ष केले तर १६० ते १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे त्याचे कप्पे केलेले आहेत, आणि प्रत्येक कप्पा भरावाच लागतो. मेजरला उत्तम गुण मिळाले म्हणून प्रकल्पाचे श्रेयांक माफ होत नाहीत.

भाषेचा कप्पा आहे 'एईसी', म्हणजे क्षमता वाढवणारे अभ्यासक्रम. पहिल्या दोन वर्षांत त्याचे एकूण ८ श्रेयांक: ४ इंग्रजीचे आणि ४ आधुनिक भारतीय भाषेचे. शासनाच्या आराखड्यात या विषयांचा हेतू भाषिक आणि संवादकौशल्याचा आहे. म्हणजे कवितेचे रसग्रहण पाठ करून लिहिणे नव्हे, पत्र, अर्ज, अहवाल, सारांश लिहिता येणे. चार श्रेयांक म्हणजे मराठीच्या वाट्याला दोन वर्षांत मिळून ६० तासिका येतात. सणवार, परीक्षा, गॅदरिंग वजा केले तर त्याहून कमीच.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या वर्षापासून फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा उपक्रम आणि सहाव्या सत्रात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, अशी कामे येतात. साधारण रचनेत ही २, २, २ आणि ४ अशी १० श्रेयांकांची होतात. या प्रत्येकाच्या शेवटी विद्यार्थ्याला स्वतःचा अहवाल लिहून द्यावा लागतो. म्हणजे लिहिणे जिथे शिकवले जाते तिथे दोन्ही भाषा मिळून ८ श्रेयांक, आणि जिथे ते लागते तिथे १०. आपल्याकडची लेखनपात्रतेची खरी परीक्षा ही आहे, आणि ती त्या फाइलमध्ये होते. त्या मुलीच्या 'कोणत्या पेपरला होतं' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच अवघड आहे. पेपर वेगळा नाही, पण जबाबदारी पूर्ण आहे.

तसे पाहिले तर अहवाल नवीनही नाही. बारावीच्या मराठी 'युवकभारती'त उपयोजित मराठीच्या भागात मुलाखत, माहितीपत्रक आणि वृत्तलेख यांच्या जोडीला अहवाल हा घटक आहेच. पण तिथे तो गुणांसाठी पाठ केला जातो. शाळेतल्या वृक्षारोपणाचा किंवा स्नेहसंमेलनाचा अहवाल, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, आभार, राष्ट्रगीत. पदवीचा अहवाल कार्यक्रमाचा नसतो, शोधाचा असतो. हा फरक न कळल्यामुळे मुले साठ तासांच्या कामाचा अहवालही पाहुण्यांच्या स्वागताच्या भाषेत लिहितात.

तो कसा लिहायचा, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पनेतले आहे, पण विषय रोजच्या ओळखीचा आहे.

समजा अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने कापूस हा विषय घेतला. सवयीने ती शीर्षक देईल, 'कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या: एक अभ्यास'. हे शीर्षक मी इतक्या फाइलींवर पाहिले आहे की मोजणे सोडून दिले. त्यात प्रश्नच नाही. समस्या बियाण्याच्या आहेत, पाण्याच्या आहेत, बोंडअळीच्या आहेत, मजुरांच्या आहेत, भावाच्या आहेत. साठ तासांत एकीचाही तळ लागणार नाही. त्याऐवजी तिने आपल्या गावात जे डोळ्यांनी दिसते तेच विचारावे. व्यापारी वाहन आणि काटा घेऊन गावात येतो, दारातच कापूस मोजून घेतो. याला आपण खेडा खरेदी म्हणतो. बाजार समितीत किंवा जिनिंगवर भाव थोडा बरा असला तरी अनेक जण कापूस दारातच देतात. का देतात? हा झाला प्रश्न. तो एका वाक्यात मावतो, त्याचे उत्तर माणसांकडे मिळते, आणि पायी फिरून ते गोळा करता येते.

मग वही. मोबाइलमध्ये टिपण करू नका असे मी म्हणत नाही, पण वही असावीच. प्रत्येक भेटीला वर तारीख, गाव, माणसाची जमीन किती, आणि खाली तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: तो अहिराणीत, म्हणजे इथल्या घरांतल्या बोलीत, बोलला तर अहिराणीतच लिहा. "पैसा लगेच भेटस, गाडीनं भाडं वाचस," असे कुणी म्हणाले, तर वहीत तेच यावे. घाईने त्याचे प्रमाण मराठीत भाषांतर करायला गेले की 'आर्थिक अडचणींमुळे शेतकरी नाइलाजाने' असे काहीतरी वहीत उतरते, आणि त्या माणसाने जे म्हटलेच नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो. तो नाइलाज म्हणाला नव्हता. तो हिशेब सांगत होता.

वीस जणांना भेटून झाले की मोजायचे. समजा १३ जणांनी सगळा कापूस दारात दिला, ५ जणांनी थोडा दारात आणि थोडा बाहेर, २ जणांनी सगळा बाहेर. तेरा, पाच आणि दोन मिळून वीस होतात का, हे आधी पाहावे. हसू नका, बेरीज न जुळणारे तक्ते मी दरवर्षी पाहतो, आणि परीक्षकाची नजर पहिली तिथेच जाते. वीस माणसांसाठी '६५ टक्के शेतकरी' असे लिहू नये, '२० पैकी १३' असे लिहावे. टक्के लिहिले की वाचणाऱ्याला वाटते शेकडो लोकांना विचारले असेल. आणि निष्कर्ष लिहिताना 'पारोळा तालुक्यातील शेतकरी' असा शब्दप्रयोग टाळून 'आम्ही भेटलेल्या शेतकऱ्यांपैकी' असे लिहावे. वीस माणसांवरून अख्ख्या तालुक्याबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही. यात कमीपणा काही नाही. ज्याला आपल्या माहितीची मर्यादा सांगता येते त्याच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

यानंतर लिहायला बसायचे. बहुतेक अहवालांची सुरुवात अशी असते: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे. आजच्या आधुनिक युगात कापूस या पिकाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. कापसाला पांढरे सोने असेही म्हटले जाते.' या तीन वाक्यांत लिहिणारीचे एकही वाक्य नाही. ती न लिहिता सुरुवात अशी केली तर? 'आमच्या गावात दिवाळीनंतर व्यापाऱ्यांची वाहने रोज येतात. भाव बाहेर जास्त असतो हे शेतकऱ्यांना माहीत असते, तरी आम्ही भेटलेल्या २० पैकी १३ जणांनी सगळा कापूस दारातच विकला. त्याची कारणे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.' शब्द सगळे साधेच आहेत, पण प्रश्न पहिल्याच परिच्छेदात आला, आकडा आला, आणि लिहिणारी कुठे उभी आहे तेही कळले. पुढे क्रमाने काय लिहायचे ते मग आपोआप ठरते. कुणाला, कधी, काय विचारले. काय सापडले. त्यातली कारणे कोणती किती जणांनी सांगितली: रोख पैसे, गाडीभाडे, हमाली, रांगेत जाणारा दिवस, ओलाव्याच्या किंवा प्रतीच्या नावाखाली होणारी कटती, व्यापाऱ्याकडून आधी घेतलेली उचल. शेवटी, हे सगळे मिळून आपल्याला काय वाटते आणि कशाचे उत्तर अजून मिळालेले नाही. प्रश्नावली मागे जोडायची. फोटो दोन-तीन पुरे. मार्गदर्शकांसोबतचा फोटो हा पुरावा होत नाही.

पहिला मसुदा हा मसुदाच असतो, हे पटवणे सगळ्यात कठीण जाते. मुले एकदा टाइप करून आणतात आणि तेच बांधून टाकतात. निदान एकदा तरी ते मोठ्याने वाचावे. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडावे. जिथे आपणच अडखळतो तिथे अर्थ पक्का झालेला नसतो. मग वर्गाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्यावे, आणि त्याला काय समजले ते विचारावे. चुका विचारू नयेत.

शुद्धलेखनाची भीती फार असते, म्हणून थोडे त्याबद्दल. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने स्वीकारलेले नियम १९६२चे आहेत, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. अठराही पाठ करायची गरज नाही. माझ्या अनुभवात दोन गोष्टी सांभाळल्या तर फाइलमधल्या निम्म्या खुणा कमी होतात. पहिली, शब्दाला प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ इकार-उकार बहुधा ऱ्हस्व होतो: जमीन पण जमिनीत, गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाने, फूल पण फुलांचा. दुसरी, अनेकवचनाला प्रत्यय लागताना अनुस्वार येतो: एका शेतकऱ्याने सांगितले, पण तेरा शेतकऱ्यांनी सांगितले. अहवालात तर या टिंबावर अर्थ अवलंबून असतो. 'शेतकऱ्याचे मत' आणि 'शेतकऱ्यांचे मत' यांत एका माणसाचा आणि वीस माणसांचा फरक आहे.

आता अहिराणीकडे येतो, कारण इथल्या मुलांच्या लिखाणावर बोलताना तिला वगळणे हा अन्याय होईल. आमच्या घरांत आहे-ला 'शे' म्हणतात, मला-ला 'माले', त्याला-ला 'त्याले'. शाळेची 'शाया' होते, डोळ्याचा 'डोया', पाण्याचे 'पानी'. 'करी राहिना' हे तर आमचे रोजचे क्रियापद. तोच मुलगा प्रमाण मराठी लिहायला बसला की 'तो काम करून राहिला आहे' असे लिहितो. पुण्या-मुंबईकडच्या तपासनिसाला ती ढोबळ चूक वाटते आणि लाल रेघ येते. पण तो मुलगा निष्काळजीपणे लिहीत नसतो. त्याच्या डोक्यातल्या भाषेचे व्याकरण नियमबद्धच असते, फक्त ते दुसरे असते. 'करी राहिना' आणि 'करत आहे' ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून एकदा दाखवली की बहुतेक मुलांना एका तासिकेत कळते. नुसती लाल रेघ मारली तर त्याला एवढेच कळते की आपल्या घरचे बोलणे चुकीचे आहे, आणि मग तो बोलण्याच्या जवळचे काहीच लिहीत नाही. अनन्यसाधारण महत्त्वाकडे पळतो. ठोकळेबाज वाक्ये ही माझ्या मते आळसातून कमी आणि या भीतीतून जास्त येतात. कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांचा निबंधपरीक्षेवरचा आक्षेप याच जातीचा होता.

विद्यापीठाला २०१८ मध्ये ज्यांचे नाव दिले त्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचून म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व घरातल्या माणसांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक होऊ शकले. भाषा येणे आणि लिहिता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी हाताने शिकावी लागते, हे विद्यापीठाच्या नावातच आहे. आमच्या मुलांना भाषा येते. उतरवून घेण्याचा सराव कमी पडतो.

तो सराव कसा द्यावा याचा नमुना पारोळ्याच्या शेजारीच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले 'छात्रालय' दैनिक काढत. रोज पहाटे उठून लिहीत, आणि मुले ते वाचत. रोज काहीतरी लिहिले जाते आणि रोज कुणीतरी ते वाचते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की लिहिणे हा परीक्षेचा विषय राहत नाही. ६० तासिकांत एवढे तरी करता येईल: आठवड्याला एक पान, विषय गावातला, आणि पुढच्या तासिकेला वर्गातल्याच कुणीतरी ते वाचून दाखवायचे. चार सत्रांत प्रत्येक विद्यार्थ्याची पन्नासच्या आसपास पाने होतात. फील्ड प्रोजेक्टच्या वेळी त्याचा हात थरथरत नाही.

विज्ञानाच्या मुलांची अडचण वेगळी, त्यांना अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. त्यांना मी एवढेच सांगतो की निरीक्षणे आणि पहिला मसुदा मराठीत करा, इंग्रजी नंतर. विचार पक्का असला की तोडक्या इंग्रजीतूनही तो दिसतो.

उचलेगिरीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. दुकानातल्या संगणकावर मागच्या वर्षीच्या फाइली असतात, नाव आणि बैठक क्रमांक बदलला की काम झाले असे वाटते. आता मोबाइलवर चॅटजीपीटीला सांगितले की पाच मिनिटांत वीस पाने येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक सचोटीचे विनियम २०१८चे आहेत. प्रबंध-शोधनिबंधांसाठी त्यांत साम्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचे, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही, ६०च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भासह दिलेले उतारे यात धरत नाहीत. जे विद्यार्थी चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स घेणार आहेत आणि १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करणार आहेत, त्यांनी या पायऱ्या आत्ताच समजून घ्याव्यात. पण तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी याहून जवळचे कारण आहे. दुसऱ्याच्या फाइलमधले शेतकरी दुसऱ्याने भेटलेले असतात, आणि चॅटजीपीटीचे शेतकरी कुणीच भेटलेले नसतात. तोंडी परीक्षेला ते कळतेच.

नोकरीच्या बाजूनेही चित्र बदलले आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजीचे ३०० गुणांचे दोन पेपर केवळ पात्रतेचे आहेत, प्रत्येकी २५ टक्के तरी हवेतच, आणि २५० गुणांचा निबंध गुणवत्तेत धरला जातो. पर्याय काळे करण्याच्या सरावावर जी मुले अभ्यासिकांत चार-चार वर्षे बसली त्यांना हा बदल जड गेला. २०२३ मध्ये पुण्यात त्यासाठी आंदोलनही झाले आणि अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. त्या मुलांचा राग मला समजतो. पण लिहिण्याची अट पुढे ढकलली तरी ती येतेच, हेही त्यातून दिसले.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. बांधायला आणलेली फाइल तिने त्या दिवशी बांधली नाही. आठवडाभर वेळ होता. तिने पहिली तीन पाने काढून टाकली, गावात पुन्हा दोन फेऱ्या मारल्या आणि २८ पानांची फाइल १६ पानांची झाली. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी मधलेच एक पान उघडून विचारले, "सहा जणांनी उचल घेतली होती असं लिहिलंय. हा आकडा कुठून आणला?" तिने पिशवीतून वही काढली आणि सहाही पाने एकेक करून त्यांच्यासमोर धरली. परीक्षक धुळ्याकडचे होते. त्यांनी त्यातले एक पान स्वतःकडे ओढले आणि अहिराणीतली ती ओळ हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.